हिरव्या जाजमाची शिवण

जालना
६ ऑगस्ट २००३

चि. गिरिजास,

तुझ्या ताईचे आशीर्वाद. भुजंगरावांना नमस्कार सांग, लेकरांच्या पाठीवरून हात फिरव.

घरात फोन असताना ताईला पत्राची हौस कशी आली, असं तुला वाटेल. तर आमचा फोन आहे ह्यांच्या पलंगाशेजारी. तुमचा आहे भुजंगरावांच्या ताडपत्रीच्या दुकानात, तिथं हायवेचे निम्मे ड्रायव्हर चहा पीत बसलेले असतात. मला सांगायचंय ते या दोन्ही ठिकाणी बोलण्यासारखं नाही. म्हणून पत्र. वाचून झालं की चुलीत घाल.

आमच्या धर्माने कॉलेजात असताना बंगल्यामागं टेनिसचं मैदान करून घेतलं, ते तू पाहिलंस. पुण्याची माणसं प्लास्टिकच्या हिरव्या गवताचे लांब पट्टे अंथरून, एकाला एक चिकटवून गेली. आपल्याकडं त्याला कोर्ट कुणी म्हणत नाही, सगळे जाजमच म्हणतात. धर्मा मस्कतला नोकरीला गेल्यापासून तिथं कुणी खेळत नाही, असं तुझ्या दाजींना वाटतं. उन्हाळ्यात मी तिथं कुरडया-पापड वाळत घालते, एवढंच त्यांना माहीत.

आता खरं ऐक. तिथं मी खेळते.

हसू नको. दोन उन्हाळ्यांपूर्वी कुरडयांवर कावळे यायचे. माझ्याकडं भांडीधुणं करते ती आसराबाई, तिचं बालपण शेळ्यांमागं गेलेलं, हात गोफणीचा. तिने कोपऱ्यात पडलेला धर्माचा चेंडू उचलून कावळ्याला मारला. कावळा उडाला आणि चेंडू माझ्याकडं आला. माझ्या हातात धर्माची जुनी रॅकेट होती, कावळे हाकायला घेतलेली. मी चेंडू परत टोलवला. तिने पुन्हा फेकला. त्या दिवशी कावळ्यांनी निम्म्या कुरडया खाल्ल्या आणि आम्हा दोघींना पत्ता नव्हता. तेव्हापासून हे मोंढ्यातल्या बाजारात, बियाण्याच्या दुकानाला गेले की आम्ही दोघी पदर खोचून मागं जातो. माझ्या वयाच्या बाया गुडघे धरून बसतात, आणि मी पळते. गिरजे, लग्न झाल्यापासून मी पळाले नव्हते.

तर या उन्हाळ्यात ते जाजम उसवलं. दोन ठिकाणी पट्ट्यांचे काठ सुटून वर आले आहेत. परवा हे पूजेची फुलं आणायला तिकडून गेले, काठात अंगठा अडकला, तांब्या एकीकडं आणि हे एकीकडं. उठले ते गरजतच. "दसऱ्याच्या आत हे सगळं उखडून टाकतो. रब्बीच्या बियाण्याच्या गोण्या व्हरांड्यात सडून राह्यल्या. इथं गोडाऊन बांधतो." मिस्त्रीशी बोलणंही झालं. पुण्याची माणसं म्हणे दुरुस्तीला दिवाळीनंतर येऊ. तोवर जाजम कुठलं राहतं.

भुजंगराव ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. गवताचं जाजम का नाही शिवता येणार? या महिन्याच्या शेवटी हे अंबडला सोयरिकीला जाणार आहेत. तेव्हा त्यांना पाठव. दाजींना कळू देऊ नको.

तुझी,
उषाताई


शहागड
१३ ऑगस्ट २००३

ती. ताईस,

लहान बहिणीचा वाकून नमस्कार. वाकले खरी, पण हसून हसून वाकले.

ताई, लहानपणी हसनाबादला लंगडी खेळताना मी पुढं आणि तू दारात बसून "गिरजे, पडशील" म्हणायचीस. आता तू पदर खोचून टेनिस खेळतेस आणि मी इथं बसून "ताई, पडशील" म्हणतेय. आसराबाईला माझा निरोप सांग, चेंडू जरा हळू फेक म्हणावं, आमची एकच ताई आहे.

पत्र चुलीत घातलं नाही. आमच्याकडं आता गॅस आहे.

मालकांना सांगितलं. पूर्ण नाही सांगितलं, घाबरू नको. एवढंच म्हटलं की ताईला जाजम शिवून पाहिजे, दाजींच्या नकळत. त्यांनी काहून म्हणून विचारलंही नाही. शिवायचं म्हटलं की आमच्या मालकांना दुसरं काही ऐकू येत नाही. लगेच दाभण काढून घासायला लागले. म्हणाले, "ट्रकची ताडपत्री वारं धरती, पाणी धरती, तिला शिवलं अन् ह्या गवताला न्हाई शिवनार? ताईला म्हनाव बिलकुल फिकीर करू नको."

सोबत नायलॉनचा दोरा आणतील, तो तुझ्याकडं हिरवा मिळतो का बघ. आमच्याकडं निळा आणि पिवळाच आहे, ट्रकवाल्यांना तोच आवडतो.

एक विचारू का? दाजींना सांगून टाकायला काय हरकत आहे? माणूस रागीट आहे, पण वाईट नाही. तुला खेळू नको म्हणतील असं वाटत नाही मला.

तुझी,
गिरिजा


जालना
३० ऑगस्ट २००३

चि. गिरिजास आशीर्वाद.

भुजंगराव आले, शिवलं, जेवले आणि गेले. हे अंबडहून यायच्या आत सगळं उरकलं. जाजमावर मांडी घालून एवढं मोठं दाभण चालवणारा माणूस बघायला आसराबाईच्या घरची सगळी बायकामंडळी कुंपणाशी उभी होती. शेवटचा टाका घातल्यावर भुजंगराव म्हणाले, "ताई, आता हत्तीनं वढलं तरी शिवण उसवायची न्हाई."

खरंच उसवली नाही. तेच तर झालं.

पहिल्या सकाळी आसराबाईने चेंडू टाकला, तो बरोबर टाक्यावर आपटला आणि तिथून तिच्याच नाकावर. ती नाक धरून म्हणाली, "काकू, ह्यो तर बेडकावानी उड्या मारून राह्यला." आम्ही ठरवलं, शिवणीवर चेंडू पडला तर तो धरायचाच नाही. दोन दिवस तसंही खेळलो. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी वारं सुटलं. जाजमाच्या आत हवा शिरली आणि पोटासारखं फुगलं. टाके पक्के राहिले, पण दाभणाने पाडलेल्या भोकांवरून गवतच फाटत गेलं. पोस्टाची तिकिटं फाडतो ना आपण, अगदी तसं. आधी बोटभर फट होती, आता मूठ जाते.

भुजंगरावांना हे सांगताना जरा बेताने सांग. त्यांचा हात चांगला आहे, यात त्यांचा दोष नाही.

ह्यांनी ती मूठभर फट पाहिली. खाली बसले, शिवणीला बोट लावून बघितलं आणि "असले धंदे कुनी केले" एवढंच विचारलं. मी म्हटलं मी केले. ते म्हणाले, "पोतं हाये का ते?" आणि आत गेले. मिस्त्रीला दसऱ्याच्या आधीचाच दिवस दिलाय.

तू विचारतेस, सांगून का टाकत नाही. काय सांगू? हे मैदान पोरासाठी केलं, त्यावर आई धुणंवालीबरोबर चेंडू मारते, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? ते नको म्हणणार नाहीत. हसतील. मोंढ्यात जाऊन चार जणांत सांगतील, तेही हसतील. नको म्हटलेलं मी सोसेन, हसलेलं नाही सोसणार. एवढी एकच गोष्ट आहे माझ्याकडं, जी मी कुणासाठी म्हणून करत नाही.

उषाताई


शहागड
६ सप्टेंबर २००३

ती. ताईस नमस्कार.

बेताने सांगितलं. तरी आमच्या मालकांनी एक वेळ भाकरी खाल्ली नाही. दुसऱ्या वेळेला दोन जास्त खाल्ल्या आणि म्हणाले, "चूक माझी न्हाई. ताडपत्री हवेत हालती. ते जाजम हालायलाच न्हाई पाह्यजे. ते हाललंच कसं?"

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. ताई, मैदान नवं झालं तेव्हा मी आले होते, आठवतं? अनवाणी त्यावर फिरले तर पायाला बारीक वाळू लागायची. माझ्या जोडव्यांत शिरून बोटं लाल झाली होती. धर्मा मला म्हणाला होता, "मावशी, ह्या गवतात वाळू भरलेली असते, वाळूनंच ते खाली दबून राहतं." मालकांनी परवा मांडी घालून इतका वेळ शिवलं, पण वाळूचा कण धोतराला लागला नाही म्हणे. ती वाळू गेली कुठं?

नीट आठवून लिही.

आता दुसरी गोष्ट. ही सांगू का नको असं चार दिवस चाललं होतं. दाजी गेल्या आठवड्यात बीडला जाताना दुकानावर थांबले होते. मी आत होते, ते बाहेर मालकांशी बोलत होते. त्यांनी आपणहूनच विषय काढला. म्हणाले, "दिवाळीला धर्मा येनार हाये. मोठ्या हौसेनं केल्तं त्यानं. आता ते फाटकं पोराला दाखवू काय? म्हनंल, बापाला एवढं सुदिक सांभाळता आलं न्हाई. त्यापरीस गोडाऊन दिसलेलं बरं. मंग त्यानं विचारलं तर कारन तरी हाये." असं म्हणून चहा तसाच ठेवून गेले.

ताई, गोण्यांचं निमित्त आहे. त्यांना ते फाटलेलं बघवत नाही, एवढंच. जाजम नीट झालं तर ते उखडणार नाहीत, हे मी तुला लिहून देते.

मालक पुन्हा यायला तयार आहेत. या वेळी वरून शिवणार नाहीत, खालून पट्टी लावून चिकटवणार. शेजारच्या टायरवाल्याशी त्यांचं बोलणं झालंय. तू फक्त दिवस सांग.

गिरिजा


जालना
२२ सप्टेंबर २००३

चि. गिरिजास अनेक आशीर्वाद.

वाळू कुठं गेली विचारतेस. अगं, ती मीच काढली.

पहिल्या वर्षी कुरडया घातल्या तर तळल्यावर दाताखाली कचकच. हे जेवताना ताट सारून उठले होते. तेव्हापासून दर उन्हाळ्यात वाळवणाच्या आधी मी आणि आसराबाई खराट्याने सगळी वाळू घासून घासून बाहेर काढायचो. केवढा कचरा म्हणून. परसात एक ढीग झाला होता, तो ह्यांनी ओट्याच्या गिलाव्याला वापरला. तुझं पत्र वाचून मी त्या ओट्याकडं बघत बसले. जाजमाचा जीव त्या ओट्यात आहे, आणि त्यावर तुळस उभी आहे. म्हणजे बघ, कुरडया घातल्या म्हणून मला खेळ मिळाला आणि कुरडया घातल्या म्हणूनच तो उसवला. आता कुणाला बोल लावायचा?

म्हणून तुला फोनवर नुसतं "वाळू पाठव" म्हटलं होतं. हे शेजारी होते, त्यांना वाटलं ओट्याला. तुझ्या ट्रकवाल्यांनी गोदावरीच्या वाळूची पोती उतरवली तेव्हा ओटा केवढा बांधतेस म्हणून विचारलं मात्र त्यांनी.

सतरा तारखेला हे मुक्तिसंग्रामाच्या झेंड्याला गेले आणि तिथून तसेच औरंगाबादला, बियाण्याच्या मीटिंगला, मुक्कामाला. भुजंगराव वाटच बघत होते बहुतेक, फोनवर निरोप दिला तसे फाटकात हजर.

आधी त्यांनी स्वतःची शिवण स्वतः उसवली. तोंड बघवत नव्हतं. मग चांभाराच्या रापीने फाटके काठ सरळ कापले. कापल्यावर फट आणखी वाढली, तेव्हा बाहेरचा काठ मोकळा करून आम्ही सगळ्यांनी मिळून जाजम ओढत आणलं. आसराबाई एकटी दोघांच्या बरोबरीने ओढत होती. फटीखाली ताडपत्रीची हातभर रुंद पट्टी, पट्टीवर टायरवाल्याचं सोल्युशन. मी लगेच काठ दाबायला गेले तर भुजंगराव ओरडले, "ताई, जल्दी करायची न्हाई. बोट लावून पाहा. चिकटलं पाह्यजे, पन बोटावर यायला न्हाई पाह्यजे." तसं झाल्यावर काठाला काठ भिडवला, एकावर एक चढू दिला नाही. गवताच्या काड्या मध्ये सापडल्या की सांधा धरत नाही, म्हणून मी आणि आसराबाई गुडघ्यांवर बसून फण्यांनी गवत दोन्हीकडं विंचरत गेलो, भांग पाडतात तसं. माझी लग्नातली फणी त्यात गेली.

मग वजन ठेवायचं होतं. घरात वजन कशाचं? व्हरांड्यातल्या बियाण्याच्या गोण्या. त्या सगळ्या सांध्यांवर ओळीने मांडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आले. मी धरलं होतं, संध्याकाळी येतील. मागं गेले, गोण्या बघितल्या आणि चेहरा फुलला. "पाह्यलं का? मी काय म्हनत व्हतो? बियाण्याला ह्याच्यापरीस बेस जागा न्हाई. पटलं न्हवं शेवटी तुला." सोल्युशन अजून वाळायचं होतं. मी म्हटलं, "दोन दिवस तशाच राहू द्या." माणूस एवढा खूश झाला की मोंढ्यातून जिलेबी घेऊन आला. ती मला गोड लागेना.

दोन दिवसांनी गोण्या उचलल्या. आम्ही वाळू रव्याच्या चाळणीने चाळून, गच्चीवर वाळवून जाजमावर पसरली. ज्या खराट्याने बाहेर काढली होती त्याच खराट्याने आत घातली. जाजम असं जमिनीला धरून बसलंय की काल वारं सुटलं तर पान हललं, ते हललं नाही.

हे आले. चपला काढून सांध्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेले. परत आले. "कुनी केलं?" विचारलं. मी म्हटलं भुजंगरावांनी. मग म्हणाले, "धर्माला कळू देऊ नको उसवल्तं ते." आणि मिस्त्रीला फोन केला, "दिवाळी होऊ दे. पोरगं खेळून जाऊ दे."

तू लिहून दिलं होतंस ते खरं झालं. भुजंगरावांना माझ्याकडून शर्टाचं कापड पाठवतेय.

उषाताई


शहागड
१५ ऑक्टोबर २००३

ती. ताईस,

काय लिहू कळत नाही. दाजींचा काल दुकानावर फोन आला. धर्माची रजा नामंजूर झाली, दिवाळीला येत नाही म्हणून. दाजींचा आवाज एकदम खाली गेलेला. शेवटी म्हणाले, "आता ठेवून करायचं काय ते जाजम. कोन खेळनार हाये. मिस्त्रीला बोलावलंय मी."

ताई, तुझ्या जिवाचं पाणी झालं असेल. दोन वर्षांनी लेकरू येणार म्हणून तू किती आशेने बसली होतीस. लाडू वळायला घेतले असशील. मला माहीत आहे, तुला आता ते मैदान बघवणार नाही. बरंच झालं म्हणायचं, निदान डोळ्यासमोर राहणार नाही. एवढा खटाटोप करून सांधलं, पण ज्याच्यासाठी सांधलं तोच आला नाही.

तू इथं चार दिवस ये. ते उखडताना तिथं थांबू नको. तुझ्या वयाला तो पळण्याचा नाद सुटला तर एका अर्थी बरंच, कुठं पाय मुरगळला असता. इथं आपण दोघी गोदावरीच्या पुलावर संध्याकाळी फिरायला जाऊ.

मालक म्हणाले, उखडलंच तर ते गवत वाया घालवू नका, दोन ट्रक झाकून निघतील. मी त्यांना काल रात्री वाढलं नाही.

दाजींशी बोलताना तुझं गुपित माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तू शपथ घातल्यासारखं लिहिलं होतंस, म्हणून गिळलं. चुकले का मी?

गिरिजा


जालना
२९ ऑक्टोबर २००३

चि. गिरिजास आशीर्वाद.

भाऊबीजेला तू हसनाबादला येशील म्हणून पत्राला उत्तर दिलं नाही. तू आली नाहीस. म्हणून आता सगळं लिहिते.

धर्मा येत नाही कळल्यावर मी रडले. आई आहे, रडणारच. पण गिरजे, दुसऱ्या सकाळी जाग आली तेव्हा पहिल्यांदा मनात तो आला नाही. पहिल्यांदा आलं ते हे की मिस्त्री येणार. मी कुशीवर वळून तशीच पडून राहिले, माझीच मला लाज वाटत होती. मग लाज गेली आणि राग आला. तुझ्या पत्राचाही आला. ज्याच्यासाठी सांधलं तो आला नाही, असं तू लिहिलंस. मी ते धर्मासाठी सांधलं नव्हतं. तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, तरी तुझ्या ध्यानात राहिलं नाही. मग ह्यांचं काय चुकलं? त्यांना तर कुणी सांगितलंच नव्हतं.

मिस्त्री वसुबारसेच्या आदल्या दिवशी आला. हे आणि तो मागं उभे, मिस्त्रीने दोरी काढलेली, एक खुंटी ठोकायच्या बेतात. मी आत गेले. पदर खोचला, धर्माचे जुने बूट आहेत ते बोळे घालून घातले, रॅकेट घेतली आणि आसराबाईला हाक मारली. ती म्हणाली, "काकू, मालक हायेत." मी म्हटलं, "असू दे." आम्ही दोघी मैदानात जाऊन उभ्या राहिलो. मी ह्यांना म्हटलं, "जरा बाजूला व्हा. चेंडू लागंल."

हे बाजूला झाले. मिस्त्रीही झाला.

आणि आम्ही खेळलो. पहिले दोन चेंडू माझे जाळ्यात गेले. मग बसला हात. आसराबाईला तर कुणी बघत असलं की जास्त चेव येतो. ती म्हणजे उजवीकडून डावीकडं मला पळवते, आणि मी पळत होते. सांध्यावरून पळत होते, कुठं काही अडकलं नाही. मिस्त्री थोड्या वेळाने खुंटी खाली ठेवून उकिडवा बसला आणि "वा बाई" म्हणायला लागला. ह्यांच्याकडं मी बघितलं नाही. हसत असतील तर मला बघायचं नव्हतं.

मग मी एक चेंडू पार मागच्या रेघेजवळ टाकला. आसराबाईला तो मिळाला नाही. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला.

"भाईर पडला."

मी म्हटलं, "आत व्हता."

"भाईर. मी इथून पाह्यला."

"तुम्हाला तिथून काय दिसतंय? आत व्हता."

मिस्त्री म्हणाला आत. आसराबाईने तिची हार असूनही आत म्हणून सांगितलं. हे म्हणाले, तुम्ही सगळे एकाच बाजूचे. आणि स्वतः चालत रेघेपाशी गेले, चष्मा कपाळावर सारून खाली वाकले. वाळू भरली होती ना आपण, तिच्यात चेंडूचा गोल उमटला होता. ते त्या गोलाकडं बघत किती वेळ बसले होते, काय सांगू. उठले तेव्हा गुडघ्याला वाळू होती.

"आत हाये," म्हणाले.

मग विचारलं, "कवापासून?"

मी सांगितलं, दोन वर्षं.

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही हसले असते."

त्यांनी गुडघ्यावरची वाळू झटकली. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. हसले असते, हे त्यांनाही माहीत होतं. मिस्त्रीला घेऊन ते बंगल्याच्या पुढं गेले. तिथं जीप उभी राहते ती जागा दोरीने मोजून घेतली. जेवताना एवढंच म्हणाले, "ती आसराबाई लई जोरात मारती. तू जरा मागं सरकून उभी राहत जा."

हे झालं. मला वाटलं, एवढ्यावरच ठीक आहे. बांधलं नाही, उखडलं नाही, आणखी काय पाहिजे?

पाडव्याला मोंढ्यातले व्यापारी फराळाला आले होते. तुला आमच्याकडची पद्धत माहीत आहे, पुरुष माणसं मागच्या व्हरांड्यात बसतात, समोर सगळं जाजम दिसतं. मी करंज्यांचं ताट घेऊन दाराच्या आत होते. एक जण म्हणाला, "बद्रीशेठ, हे तर पोरासाठी केल्तं न्हवं? आता पोरगं तिकडं. पडूनच असंल."

हे म्हणाले, "पडून कशाला? आमच्या घरातल्या खेळतात."

कुणी तरी हसलं. ह्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा म्हणाले, "रोज खेळतात. बराबर खेळतात."

चार माणसांत, गिरजे. तीस वर्षांत या माणसाने चारचौघांत माझा विषय काढला नव्हता. मी ताट घेऊन दारातच उभी राहिले. बाहेरून हाक आली तरी मला लगेच पुढं होता येईना.

उषाताई